टर्बो गाडीची ताकद वाढवताना कारखान्याचा टिकाऊपणा कसा राखावा

चाकणच्या कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय 2013 मध्ये बाजारात आली आणि टर्बो पेट्रोल इंजिनाची ओढ काय असते, हे आपल्याकडच्या अनेकांना या छोट्या गाडीतून पहिल्यांदा कळले. भारतातले पोलोचे उत्पादन 2022 मध्ये थांबले, तरी या गाड्या आजही जपल्या जातात आणि वॉरंटी संपल्यावर त्यांचे मालक ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, रीमॅपिंग (त्यातील मॅप, म्हणजे सॉफ्टवेअरमधली आकडेवारी, बदलून ताकद वाढवणे) करून घेण्याचा विचार करू लागतात. असे काम करूनही गाडी रोज भरवशाने चालावी, यासाठी काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, ते येथे मांडले आहे.

सुरुवात गिअरबॉक्सपासून करावी. 1.2 लिटरच्या पोलो जीटी टीएसआयचे इंजिन 105 पीएस ताकद आणि 1500 ते 4100 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) दरम्यान 175 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. तिचा सात गिअरचा डीक्यू200 हा डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित) गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा असून त्याची मर्यादा 250 न्यूटन-मीटर आहे. म्हणजेच एखाद्या ट्यूनरने (रीमॅप करून देणाऱ्याने) 250 न्यूटन-मीटरचे आश्वासन दिले, तर तो मूळ टॉर्कमध्ये सुमारे 43 टक्के वाढ करून कारखान्याने राखून ठेवलेली सगळी जागा वापरत आहे, असे समजावे. माझ्या मते या गाडीत 220 ते 225 न्यूटन-मीटरवर थांबणे शहाणपणाचे आहे, कारण कोरड्या क्लचला थंड करणारे तेल नसते आणि पुण्यातल्या संध्याकाळच्या वाहतुकीत, गाडी पावलापावलाने पुढे सरकत असताना, तो मुळातच तापलेला असतो.

फोक्सवॅगन समूहाच्याच स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचे उदाहरण याबाबत फार बोलके आहे. भारतात 2017 मध्ये आलेल्या आरएस 230 ला 350 न्यूटन-मीटर टॉर्क होता आणि तिच्या तेलात बुडालेल्या क्लचच्या सहा गिअरच्या डीक्यू250 गिअरबॉक्सची मर्यादाही 350 न्यूटन-मीटरच होती. पुढे 2020 मध्ये केवळ 200 गाड्यांपुरती विकली गेलेली आरएस 245 आली, तेव्हा टॉर्क 370 न्यूटन-मीटर झाला आणि त्यासोबत गिअरबॉक्सही सात गिअरचा, अधिक क्षमतेचा आला. कारखान्याने अवघे 20 न्यूटन-मीटर वाढवताना गिअरबॉक्सही बदलला, ही गोष्ट आरएस 230 च्या मालकाने रीमॅपचा आकडा ऐकताना लक्षात ठेवावी. त्या गाडीत मधल्या आरपीएमला टॉर्क फुगवण्याऐवजी तो वरच्या आरपीएमपर्यंत टिकवून ठेवणारा मॅप मागावा. ताकद म्हणजे टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार असल्यामुळे अशा मॅपनेही ताकद वाढते आणि क्लच व कनेक्टिंग रॉडवरचा कमाल भार फारसा बदलत नाही.

दुसरी पायरी म्हणजे गाडीची तपासणी, आणि ती रीमॅपच्या आधी व्हायला हवी. कॉम्प्रेशन व लीक-डाऊन (सिलिंडरमधला दाब व गळती पाहणारी) चाचणी करावी, इंटरकूलरपर्यंतचे (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या भागापर्यंतचे) सर्व पाइप आणि क्लॅम्प दाब देऊन तपासावेत, कॉइल व स्पार्क प्लग पाहावेत. फक्त थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल कधीच वाहत नाही, त्यामुळे तेथे साचणारा कार्बन आपोआप धुऊन निघत नाही. 60,000 किलोमीटरच्या पुढे गेलेल्या गाडीत तो निदान एकदा कॅमेऱ्याने पाहून घ्यावा. बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) वाढवल्यावर ठिणगीला अधिक दाट मिश्रणातून उडी मारावी लागते, म्हणून प्लग बदलताना एक पायरी थंड उष्णतामानाचे घ्यावेत आणि त्यांचा गॅप ट्यूनरने सांगितल्याप्रमाणे किंचित कमी ठेवावा.

पेट्रोलचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमकी त्याच ठिकाणी सर्वाधिक घाई केली जाते. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अवेळी पेटणे (नॉक) रोखण्याची पेट्रोलची क्षमता. इंडियन ऑइलचे 100 ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर 2020 पासून निवडक शहरांतील निवडक पंपांवर मिळते. त्या पेट्रोलवर बेतलेला मॅप घेऊन कोकणात उतरले की वाटेत साधेच पेट्रोल भरावे लागते. अशा वेळी नॉक सेन्सरमुळे इग्निशन मागे खेचून, म्हणजे ठिणगी उशिरा पाडून, इंजिन वाचवले जाते, मात्र ही सोय आणीबाणीसाठी आहे आणि रोजच्या चालवण्यात ती खर्ची पडू लागली की पिस्टनसाठी काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून आपण दहापैकी निदान नऊ वेळा जे पेट्रोल भरतो, त्यावरच मॅप करून घ्यावा. त्यात आता 20 टक्के इथेनॉलची भर पडली आहे. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, हे खरे आहे, तथापि शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, तर इथेनॉलला 9 पट पुरते. परिणामी तेवढ्याच हवेसाठी शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे 8 टक्के अधिक इंधन पुरवावे लागते. काही वर्षांपूर्वीचा मॅप असलेल्या गाडीत इंधनाचा उच्चदाब पंप पूर्ण भाराखाली मागितलेला दाब टिकवतो का, हे पुन्हा मोजायलाच हवे.

उष्णतेचा विचार आपल्या हवामानानुसार करावा. 15 अंश सेल्सिअसच्या हवेच्या तुलनेत 45 अंशांची हवा सुमारे साडेनऊ टक्क्यांनी विरळ असते आणि विदर्भातील उन्हाळ्यात हे तापमान नेहमीचेच आहे. घाटमाथ्यावर वेगळी अडचण येते. समुद्रसपाटीला 1 बार बूस्ट म्हणजे टर्बो हवेचा दाब दुप्पट करत असतो. महाबळेश्वरच्या उंचीवर बाहेरचा दाब सुमारे 15 टक्क्यांनी कमी असल्याने सिलिंडरला तेवढाच दाब देण्यासाठी टर्बोला हवा 2.3 पटीहून अधिक दाबावी लागते, म्हणजे टर्बो अधिक वेगाने फिरतो आणि हवा अधिक तापते. लहान टर्बोच्या गाडीत म्हणूनच मोठ्या टर्बोआधी चांगल्या इंटरकूलरवर पैसे खर्च करावेत. त्याने डायनोवरचा (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा थोडाच वाढेल, परंतु सलग तिसऱ्या आणि चौथ्या ओव्हरटेकलाही पहिल्याइतकीच ताकद मिळेल.

मॅप बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर त्याच डायनोवर, त्याच पेट्रोलवर लॉग, म्हणजे सेन्सरच्या नोंदी, घ्यावेत. सार्वजनिक रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलच्या चाचण्या करू नयेत. मागितलेला व प्रत्यक्ष बूस्ट, प्रत्येक सिलिंडरमधील इग्निशनची माघार, इनटेक हवेचे तापमान, इंधनाचा दाब आणि लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रमाण) या पाच नोंदी पाहाव्यात. एकाच सिलिंडरमध्ये वारंवार माघार दिसत असेल, तर दोष मॅपमध्ये नसून प्लग, इंजेक्टर किंवा कार्बनमध्ये असण्याची शक्यता अधिक असते. जो ट्यूनर लॉग दाखवायला तयार नाही, त्याच्याकडे गाडी देऊ नये, मग त्याची किंमत कितीही कमी असो.

दैनंदिन काळजीत इंजिन ऑइलला पहिला मान द्यावा. कमी आरपीएमला अचानक पूर्ण थ्रॉटल दिल्यास छोट्या टर्बो इंजिनात ठिणगीच्या आधीच स्फोट होऊ शकतो आणि एका फटक्यात पिस्टन फुटू शकतो. 2020 मध्ये आलेल्या एपीआय एसपी श्रेणीच्या ऑइलमध्ये याच धोक्याचा विचार केलेला आहे. कंपनीच्या मंजुरीचा क्रमांक आणि ही श्रेणी, दोन्ही डब्यावर पाहून घ्यावीत. पोलोला कंपनीने सांगितलेली 15,000 किलोमीटरची मुदत रीमॅपनंतर निम्मी करावी. डीक्यू250 चे तेल व फिल्टर 60,000 किलोमीटरच्या आत बदलावेत. सकाळी कूलंटचा काटा मध्यावर आला तरी ऑइल अजून थंड असते, त्यामुळे पुढची काही मिनिटे थ्रॉटल निम्म्याच्या वर नेऊ नये, आणि घाट चढून आल्यावर शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चालवावेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. त्यामुळे नियोजित बदल आधी आरटीओकडे विचारावा आणि विमा कंपनीला लेखी कळवावा. सर्व्हिस सेंटरपासून तो लपवू नये, कारण फोक्सवॅगन समूहाच्या प्रणालीत बदललेले सॉफ्टवेअर ओळखले गेले की गाडीवर टीडी1 ही खूण बसते. मूळ सॉफ्टवेअरची प्रत आणि पहिले लॉग स्वतःजवळ जपून ठेवावेत, पहिल्या 1,000 किलोमीटरनंतर नवे लॉग घ्यावेत आणि मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी, एसी चालू ठेवून, तीच मोजणी पुन्हा करावी. त्या दुपारी बूस्ट आणि इग्निशन मागणीबरहुकूम राहिले नाहीत, तर ट्यूनरकडून मॅपमधली ताकद कमी करून घ्यावी.