रानात हरणाचं पाडस सापडलं तर

सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नज, मोहोळकडच्या रानात गवत कापताना काळविटाचं पाडस सापडतं आणि आमच्या वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात फोन येतो, "ताई, आई सोडून गेलीय, घरी आणलंय." बहुतेकदा आई गेलेली नसते. पहिले काही दिवस ती पिल्लाला गवतात दडवून लांब चरते, फक्त पाजायला येते. माणूस जवळ आला तरी पाडस मान जमिनीला टेकवून निपचित पडतं. ते आजारी नसतं, लपलेलं असतं. हात लावू नका, कुत्री बांधा, तेवढा तुकडा सोडून गवत कापा. उचललं असेल तर लगेच त्याच जागी ठेवून लांब व्हा.

आई मेलेली दिसली किंवा पाडसाला कुत्र्यांनी फाडलं असेल, तर वन विभागाला 1926 वर फोन करा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काळवीट घरी पाळणं गुन्हा आहे. गाडी येईपर्यंत पोतं अंथरलेलं खोकं, अंधार आणि शांतता, एवढंच. फोटोसाठी पोरं गोळा करू नका, हरीण नुसत्या धसक्यानंही मरतं. दूधही पाजू नका.

केंद्रात आल्यावर मी आधी त्याच्या तोंडात बोट घालून बघते. तोंड गार लागलं तर दूध नाही, आधी ऊब. अंगात ऊब आल्यावर डॉक्टर सांगतील तसं शेळीचं दूध, कोमट, थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा. पाडस उभंच हवं. बाटली वरून तिरकी धरली की ते आईच्या कासेला लागल्यासारखं मान उंचावून ओढतं. मांडीवर उताणं घेऊन पाजलं की दूध फुफ्फुसात जातं, आणि मग फार थोडी पिल्लं वाचतात.

पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं शेपटीखाली हळूहळू चोळायचं. आई चाटते तेव्हाच एवढं लहान पिल्लू शी-शू करतं. नवीन मुलं नेमकं हेच विसरतात.

दोन-तीन आठवड्यांत ते गवताला तोंड लावू लागतं. तिथून पुढे कुरवाळणं बंद, बोलणं बंद, नाव ठेवणं तर नाहीच. नराच्या बाबतीत मी फार कडक आहे. माणसाळलेल्या नराला शिंगं आली की तो माणसालाच दुसरा नर समजून अंगावर येतो, आणि असा नर माळावर सोडता येत नाही. म्हणून दुसरं पाडस असेल तर पहिल्यापासून दोघांना एकाच कुंपणात ठेवा.