ईव्ह ऑनलाईन: जहाज सुखरूप डॉक कसं करावं

ईव्ह ऑनलाईन या अंतराळातल्या ऑनलाईन खेळात डॉक करायचं, म्हणजे जहाज स्टेशनच्या आत नेण्याचं, बटण पहिल्याच दिवशी सगळ्यांना सापडतं. तरीही मालाने गच्च भरलेली जहाजं अगदी स्टेशनच्या दारात फुटतात, आणि त्यातही जिता नावाच्या तारामंडळातल्या ४-४ स्टेशनसारख्या गजबजलेल्या बाजाराच्या ठिकाणी. कारण साधं आहे. वॉर्पमधून, म्हणजे अतिवेगाच्या लांब प्रवासातून, जहाज नेमकं कुठे उतरतं, यावर सगळं ठरतं. बटण त्यानंतरची गोष्ट.

म्हणून सर्वात आधी, ‘ऑटोपायलट लावा आणि खुशाल उठा’ हा सल्ला डोक्यातून काढून टाका. ऑटोपायलट जहाजाला गेटच्या (एका तारामंडळातून दुसऱ्यात नेणाऱ्या दाराच्या) कित्येक किलोमीटर अलीकडे उतरवतो आणि उरलेलं अंतर रखडत कापायला लावतो. मालवाहू जहाज टिपायला टपलेल्यांना याहून सोपं सावज मिळत नाही. होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या मालाच्या कोठारात, काही किमती असेल तर प्रत्येक उडी आणि प्रत्येक वॉर्प स्वतःच्या हाताने द्या.

नेहमीची पद्धत दोन ओळींची आहे: ओव्हरव्ह्यूमध्ये (आजूबाजूच्या गोष्टींच्या यादीत) स्टेशन निवडा, D ही कळ धरून त्यावर क्लिक करा. स्टेशन १५० किलोमीटरपेक्षा लांब असेल तर जहाज आपणहून वॉर्प करतं आणि पोचल्यावर डॉक होतं. त्याहून जवळ असेल तर वॉर्प होतच नाही, इंजिनावर जावं लागतं. ड्रोन बाहेर असतील तर आधी परत बोलवा. छोट्या, वेगवान जहाजाला एवढं पुरतं.

मोठ्या जहाजाला मात्र पुरत नाही. प्रत्येक स्टेशनभोवती डॉकिंगचा एक अदृश्य गोल असतो. त्याच्या आत असाल तरच दार उघडतं आणि आत असताना ओव्हरव्ह्यूमधलं अंतर ० मीटर दिसतं. गेटवर २,५०० मीटरपर्यंतची सूट मिळते, इथे ती धरून चालू नका. शिवाय ‘० मीटरवर वॉर्प’ म्हटलं तरी जहाज अचूक त्या बिंदूवर उतरत नाही, सुमारे २,५०० मीटरच्या परिसरात कुठेही उतरू शकतं. स्टेशनवर थेट वॉर्प केला की तुम्ही गोलाच्या कडेला येता, म्हणजे थोडं इकडेतिकडे झालं तर बाहेरच. भरलेल्या फ्रेटरचा, म्हणजे प्रचंड मालवाहू जहाजाचा, वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास. दोन किलोमीटर बाहेर पडलात तर वीस सेकंद उघड्यावर. कोणी जाळं टाकून वेग उतरवला किंवा मुद्दाम धडक देऊन बाजूला ढकललं तर त्याहूनही जास्त.

यावर उपाय एकच, स्वतःचा डॉकिंग बुकमार्क. गोलाच्या पुरेसं आत एक जागा जतन करायची आणि स्टेशनऐवजी त्या जागेवर वॉर्प करायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण नव्वद टक्के काम ‘पुरेसं आत’ या दोन शब्दांत आहे आणि बहुतेक मार्गदर्शक नेमकं तेच सांगत नाहीत. गोलात शिरल्यावर अंतर सतत ० मीटरच दिसतं, मग तुम्ही दहा मीटर आत असा की चार किलोमीटर. आकडा शून्य झाला म्हणून तिथेच बुकमार्क केला तर तो नुसता कडेचा बुकमार्क होतो, थेट वॉर्पपेक्षा तसूभरही चांगला नाही.

खोली मोजण्यासाठी दोन बुकमार्क लागतात. रिकामं, स्वस्त जहाज घ्या. बाहेरून स्टेशनच्या दिशेने जा आणि अंतर ० झालं की थांबून पहिला बुकमार्क करा. हा फक्त मोजपट्टी म्हणून. मग आणखी आत चला आणि आता स्टेशनकडे न बघता त्या पहिल्या बुकमार्कपासूनचं अंतर बघा. ते २,५०० मीटरच्या वर गेलं की Ctrl + Space दाबून जहाज पूर्ण थांबवा आणि Ctrl + B ने दुसरा बुकमार्क जतन करा. वेग शून्य होण्याआधी जतन करू नका, जागा हलते. स्टेशनवर उजवं क्लिक करूनही जतन करू नका, कारण मग तुमची जागा नाही, स्टेशनच जतन होतं. ही चूक फार होते आणि कळते ती भर गर्दीत.

स्टेशनच्या भिंतीला खेटूनही थांबू नका. उतरताना जहाज ढाच्यावर आदळलं तर उसळून बाहेर फेकलं जातं. मोकळी पोकळी निवडा. आणि तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका: ग्रहावरून, सूर्यावरून, तुम्ही नेहमी येता त्या गेटवरून, असं निदान तीन दिशांनी वॉर्प करून बघा. एकदाही अंतर शून्यापेक्षा जास्त दिसलं तर बुकमार्क आणखी आत सरकवा. काही स्टेशनांचा गोल इतका तंग असतो की हवी तेवढी खोली मिळतच नाही; तिथे जड माल नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वापरताना वॉर्प बुकमार्कवर ० मीटरचा द्या, वाटेत ओव्हरव्ह्यूमध्ये स्टेशन निवडून ठेवा आणि जहाज उतरू लागलं की D धरून स्टेशनवर क्लिक करत राहा. वॉर्प चालू असताना आज्ञा नाकारली जाते, म्हणून पुन्हा पुन्हा. सर्व्हर सेकंदाला एकदाच हिशेब करतो, त्यामुळे पिसाटासारखं बडवून काही मिळत नाही.

जागा बरोबर असूनही दार उघडत नसेल तर शस्त्राचा टायमर बघा. दुसऱ्या खेळाडूवर हल्ला केला की ६० सेकंद ना डॉक करता येतं ना गेटमधून उडी मारता येते, आणि प्रत्येक नव्या फैरीने ते ६० सेकंद पहिल्यापासून सुरू होतात. ड्रोनचा हल्लाही तुमचाच धरला जातो, तेव्हा त्यांना आक्रमक ठेवू नका. समोरचा एकटाच गोळ्या झाडत असेल तर हा टायमर तुम्हाला लागत नाही. त्याने वॉर्प रोखणारं यंत्र लावलं असलं तरी डॉक होता येतं! घाबरून उलट गोळी झाडणं हीच इथली सर्वात महाग चूक.

खेळाडूंनी बांधलेल्या तळांवर, म्हणजे अस्त्राहुस, फोर्टिझार वगैरेंवर, मालकाने प्रवेश दिलेला असावा लागतो. निघण्याआधीच तो तपासा. प्रवेश असेल तर तळाजवळ टेदरचं (तळाने आपोआप दिलेलं, हल्ला लागू न देणारं) संरक्षण मिळतं, पण शस्त्राचा टायमर चालू असताना तेही नाही.

आता बाहेर पडणं. अनडॉक झाल्यावर ३० सेकंद कोणी काही करू शकत नाही, पण तुम्ही दिशा बदलली किंवा यंत्र चालू केलं की ते कवच जातं. फक्त Ctrl + Space ने थांबलात तर राहतं. आधी भोवती कोण आहे ते बघा. धोका दिसला तर दहा सेकंदांचा सेशन टायमर (बाहेर पडल्यावर लागणारा सक्तीचा थांबा) संपताच परत आत जा. निघायचंच असेल तर थांबू नका. जहाज पूर्ण वेगाने सरळ रेषेत बाहेर पडलेलं असतं आणि वॉर्पला लागतो तो योग्य दिशेने ७५ टक्के वेग. त्याच रेषेत दोनशे किलोमीटरच्या पुढे एक बुकमार्क आधीच करून ठेवला असेल तर जहाज वळत बसत नाही, लगेच निघतं. तो करायला वेगवान जहाजाने अनडॉक व्हा, सुकाणूला हात न लावता मायक्रोवॉर्पड्राईव्ह (वेग कित्येक पट वाढवणारं यंत्र) चालू करा आणि सरळ जाऊ द्या. सेकंदाला साडेतीन किलोमीटरचा वेग असेल तर दोनशे किलोमीटरला जेमतेम एक मिनिट लागतं.