आधी पंचांग, मग खोली

कोकण किनाऱ्यावर सहलीला येणारी बहुतेक मंडळी प्रथम सुट्टी पाहतात, मग खोली ठरवतात आणि येथे पोहोचल्यावर समुद्राला आपल्या वेळापत्रकात बसवू पाहतात. समुद्र तसा बसत नाही. किल्ल्याकडे पायी जाणे असो, रापण म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे किनाऱ्यावरून ओढणे असो किंवा जत्रेतले नाटक असो, येथील उत्तम अनुभवांची वेळ तिथी, भरती-ओहोटी आणि ऋतू ठरवतात. म्हणून सहल आखताना पंचांग आधी उघडावे आणि खोलीचा विचार नंतर करावा.

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. पक्ष शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितके वाजण्याच्या सुमारास, दिवसा आणि रात्रीही, भरती असते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या बाजूला बराच जुळतो. मालवणकडे भरती थोडी आधी येते, म्हणून तेथे स्थानिक माणसाला विचारूनच वेळ पक्की करावी. दुसरी गोष्ट म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते आणि पाणी जितके चढते तितकेच दूरवर ओसरते, तर अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड ओसरतही नाही.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर हा फरक पायांनाच कळतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, भरतीला मात्र होडी करावी लागते. मी एकदा अष्टमीला ऐन दुपारची ओहोटी गाठून निघालो. वेळ अचूक साधली होती, पण भांग विसरलो होतो. हातात चपला आणि डोक्यावर जेवणाचा डबा घेऊन गुडघाभर पाण्यातून किल्ला गाठावा लागला. तेव्हापासून मी तृतीया किंवा चतुर्थी निवडतो. त्या दिवशी ओहोटी सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान येते, ऊन चढलेले नसते आणि पाणी चांगले मागे हटलेले असते. पाणी फिरण्यापूर्वी परतायचे आहे हे ध्यानात ठेवून आतील गणपतीचे मंदिर आणि गोड्या पाण्याची विहीर आधी पाहावी, तटावर नंतर रेंगाळावे.

नुसते पाहण्याऐवजी काही हाताने करावयाचे असेल, तर सिंधुदुर्गातील एखाद्या किनाऱ्यावर सकाळी रापण लागते का, याची आदल्या संध्याकाळी चौकशी करावी. दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात शिरते, अर्धवर्तुळात जाळे सोडत जाते आणि दुसरे टोक घेऊन काही अंतरावर परत लागते. मग दोन्ही बाजूंना माणसे रांगेने उभी राहून जाळे ओढू लागतात. रापणकरांची परवानगी घेऊन त्या रांगेत उभे राहावे. टाच वाळूत रोवायची, अंग मागे टाकायचे आणि सर्वांबरोबर एकेक पाऊल मागे सरकायचे. मनगटांच्या जोरावर ओढणारा पाहुणा पाच मिनिटांत तळहात सोलून घेतो. दोर ओला, खरखरीत आणि वाटतो त्याहून जड असतो. जाळे जवळ आले की दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात, पाण्यावर पाखरांचे थवे उतरतात आणि शेवटच्या पाचपन्नास हातांत पाणी खदखदल्यासारखे दिसू लागते. कधी बांगड्यांचा ढीग निघतो, कधी शेवाळ आणि चार खेकडे. हात लावणाऱ्याला वाट्याचे चार मासे देण्याची रीत आहे. मिळाले तर घ्यावेत, मागू नयेत. मोबाइल मात्र मासे वेचून होईपर्यंत खिशातच बरा.

मुले बरोबर असतील, तर रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास निवडावे. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये ग्रामस्थांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिल्ले बाहेर येतात आणि सकाळ-संध्याकाळी त्यांना समुद्राकडे सोडले जाते. अंडी उबण्यास दीड ते दोन महिने लागतात, त्यामुळे नेमका दिवस कोणीच सांगू शकत नाही. निदान दोन रात्री गावातल्या घरी मुक्काम ठेवावा आणि घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली काहीच निघाले नाही, तर काय सांगायचे हे मुलांशी आधीच बोलून घ्यावे. दोरीच्या आत पाऊल टाकू नये, पिल्लांना हात लावू नये.

पावसाळ्यात यांपैकी काहीच हाती लागत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते.

कार्तिकापासून दक्षिण कोकणात जत्रा सुरू होतात आणि त्याही तिथीनेच, तेव्हा पंचांग पुन्हा लागतेच. जत्रेच्या रात्री दशावतार म्हणजे तेथल्या बोलीतला धयकालो असतो. संवाद लिहिलेले नसतात. कलावंत रंगमंचावरच ते रचत जातात, म्हणून ओळखीच्या आख्यानातही पुढचे वाक्य कोणाला ठाऊक नसते. दुपारी चांगली झोप काढावी, बसायला चटई आणि अंगावर घ्यायला शाल न्यावी, सुरुवातीला येणारे संकासुराचे सोंग चुकवू नये आणि मध्ये डुलकी लागली, तर आल्याच्या पाकातले मालवणी खाजे तोंडात टाकावे. उजाडताना हंडी फुटली की काल्याचा प्रसाद घेऊनच उठावे. परतीचा प्रवास मात्र दुपारनंतरच ठेवावा, कारण आपल्या गाडीच्या चालकानेही रात्रभर नाटकच पाहिलेले असते.