पॉसमचा टीबी शिकायला न्यूझीलंडला जाताय? आधी काख चाचपा

गाईचा टीबी पाहून झाला होता, त्यामुळे पॉसमच्या (मांजराएवढा, पोटाला पिशवी असलेला झाडावरचा प्राणी) टीबीत वेगळं काय असणार, अशा गुर्मीतच मी तिकडे गेलो. गाईची जुनी गाठ कापताना आत साठलेल्या कॅल्शियममुळे सुरी वाळूत फिरल्यासारखी करकरते. मी पॉसममध्येही तीच करकर शोधत बसलो. पहिल्याच महिन्यात एका जनावराची फुफ्फुसं बरी दिसली म्हणून 'निरोगी' लिहून मोकळा झालो. सीनियर बाईंनी त्याचा पुढचा पाय उचलला, काखेत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे काय?" वाटाण्याएवढी गाठ. कापली तर मऊ, आत सायीसारखा घट्ट, किंचित हिरवट पू. करकर कुठली यायला!

पॉसमचं शरीर या जंतूला (मायकोबॅक्टेरियम बोव्हिस) नीट कोंडूच शकत नाही. गाठीभोवती तंतूंची भिंत जेमतेम, कॅल्शियम क्वचितच. गाईच्या स्लाइडवर एक लाल काडी, म्हणजे जंतू, सापडायला डोळे फुटतात. इथे झील-नील्सन रंग (टीबीचे जंतू लाल दाखवणारा) दिला की निळ्यावर कुंकू सांडल्यासारखं दिसतं.

म्हणून काख, जांघ आणि फुफ्फुसं कधीही सोडू नका. यकृत, प्लीहा वरून स्वच्छ दिसले तरी तुकडा घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक गाठी निघतात. कातडीवर ओलसर, चिकटलेले केस दिसले तर तिथेच थांबा. आपल्याकडच्या गंडमाळेसारखी ती गाठ फुटून वाहत असते. खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. हा निशाचर प्राणी शेवटच्या दिवसांत भरदिवसा कुरणात झोकांड्या खातो, गाई कुतूहलाने जवळ येतात, हुंगतात, चाटतात. फरसाठी १८३७ पासून ऑस्ट्रेलियातून आणलेल्या या पाहुण्यात टीबी पहिल्यांदा सापडला १९६७ मध्ये, आणि तेव्हापासून तिथल्या गोठ्यांना त्याचा घोर आहे.

मास्क, हातमोजे, सेफ्टी कॅबिनेट यांत टाळाटाळ नको, हा जंतू माणसालाही सोडत नाही.

आणि सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नका, जंतू मरतात, मग कल्चर कशाचं करणार, म्हणजे बाटलीत वाढवणार काय? अर्धा बर्फात ठेवा. जंतू वाढवायच्या माध्यमात ग्लिसरॉलऐवजी पायरुव्हेट आहे ना ते बघा, बोव्हिसला ग्लिसरॉल मानवत नाही. त्यानंतर सहा-आठ आठवडे बाटल्या बघत बसायचं. माझ्या त्या 'निरोगी' पॉसमच्या बाटलीवर बाईंनी मुद्दाम माझंच नाव घातलं होतं.