अर्धशिशीसाठी विजेची पट्टी: कपाळावर किंवा दंडावर लावायचं यंत्र कसं वापरावं

कपाळावर पट्टी चिकटवून बटण दाबलं की आधी भुवयांच्या मधोमध मुंग्यांची रांग चालल्यासारखं वाटतं. चार-पाच मिनिटांनी त्या मुंग्या चावायला लागतात. पुष्कळ जण नेमके इथेच पट्टी ओढून काढतात आणि यंत्र कपाटात जाऊन पडतं.

हा नुसता अंदाज नाही. सेफॅली हे कपाळावरचं यंत्र २३१३ जणांनी भाड्याने घेऊन वापरून पाहिलं होतं, त्याचा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४६.६ टक्के लोकांनी ते परत केलं. त्यांच्या वापराच्या नोंदी तपासल्या तेव्हा कळलं, की सांगितलेल्या वेळेच्या निम्माही वेळ त्यांनी ते सरासरी लावलं नव्हतं. यंत्र सगळ्यांना लागू पडत नाही, हे खरंच. पण नीट न वापरता ‘मला उपयोग झाला नाही’ असं म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून नीट कसं वापरायचं ते बघू.

आधी डॉक्टर, मग यंत्र

ही यंत्रं मुख्यतः मायग्रेनसाठी, म्हणजे अर्धशिशीसाठी तपासली गेली आहेत. ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणं ही तिची लक्षणं. तरी निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या. डोकं अचानक, क्षणात पराकोटीचं दुखलं, सोबत ताप येऊन मान आखडली, हातापायातली शक्ती गेली, बोबडी वळली, डोक्याला मार लागल्यावर दुखणं सुरू झालं किंवा पन्नाशीनंतर नव्याच तऱ्हेने डोकं दुखू लागलं, तर पट्टीबिट्टी शोधत बसू नका. थेट दवाखाना गाठा.

छातीत पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर असेल, डोक्यात धातूचं किंवा विजेवर चालणारं काही बसवलेलं असेल, तर ही यंत्रं तुमच्यासाठी नाहीत. अपस्मार असेल किंवा गरोदर असाल, तर विचारल्याशिवाय हात लावू नका.

कोणतं यंत्र कुठे लावतात

दुखण्यावर विजेचा इलाज जुनाच आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर जिवंत विजेरी मासा ठेवायला सांगायचा, ती जागा बधिर होईपर्यंत. आताचा मासा बराच माणसाळलेला आहे.

कपाळावरचं यंत्र भुवयांच्या वरून जाणाऱ्या नसांना विजेचे मोजके हलके ठोके देतं. या नसा ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या, म्हणजे चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसेच्या शाखा, आणि अर्धशिशीच्या वेदनेची मुख्य वाट तीच. सेफॅलीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये परवानगी दिली, ती अर्धशिशीचे झटके टाळण्यासाठी. आलेला झटका थांबवण्यासाठीची परवानगी नंतर मिळाली.

दुसरा प्रकार दंडावरचा. नेरिव्हिओ हे त्यातलं माहितीचं नाव, त्याला २०१९ मध्ये परवानगी मिळाली. दुखतंय डोकं आणि पट्टी दंडाला, हे ऐकून हसू येतं. पण शरीरात दुसरीकडे जोरदार संवेदना जागवली की मेंदू स्वतःची वेदना दाबणारी यंत्रणा कामाला लावतो. काट्याने काटा काढायचा तो प्रकार. २५२ जणांच्या चाचणीत दोन तासांनी ६६.७ टक्के लोकांना आराम पडला. खोट्या यंत्राने, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या, दिसायला तशाच पण खरा उपचार न देणाऱ्या यंत्राने, आराम पडणारे ३८.८ टक्के होते. हा दुसरा आकडाही लक्षात ठेवा, डायरीच्या वेळी लागेल.

याशिवाय डोक्याभोवती घालायचा पट्टा असतो. तो कपाळामागोमाग डोक्याच्या मागच्या नसांनाही गाठतो, पण तिथे केस नीट बाजूला करावे लागतात. मानेवर धरायचं गॅमाकोअर नावाचं यंत्र व्हेगस नसेसाठी, म्हणजे मेंदूतून मानेवाटे छाती-पोटाकडे जाणाऱ्या नसेसाठी आहे. ते अंगावर घालायचं नसतं, हातात धरून दोन-दोन मिनिटं लावायचं असतं.

त्वचेची तयारी

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. कपाळ साबणाने धुवा, पुसा, पूर्ण कोरडं होऊ द्या. तेल, क्रीम, पावडर, घाम यातलं काही राहता कामा नये.

मी पहिला आठवडाभर आंघोळीनंतर चेहऱ्याला क्रीम लावून वर पट्टी चिकटवायचो. एकदा मध्येच तिचा कोपरा सुटला आणि कपाळात सुई टोचल्यासारखी कळ आली. मला वाटलं, यंत्र बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं. प्रवाह तेवढाच होता, पण त्वचेला टेकलेला जेलचा भाग कमी झाल्यावर तो सगळा तेवढ्याशा जागेतून जाणार, मग टोचणारच. तेव्हापासून टोचलं की मी आधी पट्टीच्या कडा बोटाने दाबून बघतो.

पट्टी भुवयांच्या लगेच वर, नाकाच्या सरळ रेषेत, दोन्ही बाजूंना सारखी बसली पाहिजे. आरशासमोर लावा. दंडावरचं यंत्र खांदा आणि कोपर यांच्या मधल्या भागात, बाहेरच्या बाजूला लावतात. त्वचेवर जखम, पुरळ किंवा भाजल्याची खूण असेल तर ती जागा टाळा.

पहिलं सत्र दुखत नसताना करा

ऐन झटक्यात, अंधाऱ्या खोलीत, मळमळत असताना माहितीपत्रक वाचायला घेऊ नका. डोकं शांत असलेला दिवस निवडा.

कपाळावरच्या यंत्रात प्रवाह पहिली सुमारे चौदा मिनिटं आपोआप वाढत जातो. सहन होईनासं वाटलं की बटण दाबायचं, म्हणजे तो आहे त्या पातळीवर थांबतो. हे माहीत नसतं म्हणून लोक पट्टी उपटतात. पहिल्या दिवशी लवकर थांबवलं तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी थोडं पुढे जा, तिसऱ्या दिवशी आणखी थोडं. आठवड्याभरात कपाळाला सवय होते.

दंडावरच्या यंत्राची चूक उलटी असते. जोर फोनमधल्या अ‍ॅपवरून आपणच ठरवायचा असतो आणि घाबरून तो फार कमी ठेवला जातो. संवेदना जोरदार हवी, पण दुखायला नको. हळूहळू वाढवत न्या, दुखलं की एक पायरी खाली या.

कपाळावरच्या यंत्राने काही जणांना गुंगी येते. गाडी चालवताना दोन्हींपैकी कोणतंच लावू नका.

वेळ चुकवू नका

झटका थांबवायचा असेल तर लवकर सुरू करा. दंडावरचं यंत्र दुखणं सुरू झाल्यापासून तासाभरात लावायचं आणि ४५ मिनिटं ठेवायचं. कपाळावरच्या यंत्राचं झटक्यासाठीचं सत्र ६० मिनिटांचं असतं. ‘बघू, थांबतंय का’ म्हणत दुपार घालवली आणि उलट्या सुरू झाल्यावर पट्टी शोधली, तर उपयोग होण्याची आशा कमीच. म्हणून यंत्र चार्ज करून हाताशी ठेवा, कपाटाच्या वरच्या खणात नको.

झटके टाळायचे असतील तर हिशेब वेगळा. कपाळावर रोज २० मिनिटं, दुखो न दुखो. दंडावरचं एक दिवसाआड. रोजच्या एखाद्या कामाला हे जोडून टाका. मी रात्री दात घासल्यावर लावतो, गुंगी आली तर सोयीचंच पडतं.

डायरी, यंत्र येण्याआधीपासून

महिनाभर आधीच नोंदी सुरू करा. डोकं किती दिवस दुखलं, शून्य ते दहात किती, गोळ्या किती घेतल्या. यंत्र आल्यावर त्यात सत्राची मिनिटं जोडा.

आधीचा महिना का हवा? अर्धशिशी चढते-उतरते. माणूस यंत्र मागवतो तो सगळ्यात वाईट महिन्यात, आणि पुढचा महिना तसाही थोडा बरा जाणार असतो. त्यात खोट्या यंत्रानेही आराम पडणारे ३८.८ टक्के तुम्ही वर पाहिलेतच. कागदावर आकडे नसतील तर मन हवं ते ठरवतं.

गोळ्यांचा रकाना वगळू नका. महिन्यात १० किंवा जास्त दिवस ट्रिप्टान (अर्धशिशीचा झटका थांबवणाऱ्या खास गोळ्या), किंवा १५ किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. यंत्राकडे वळण्याचं हे एक चांगलं कारण आहे.

पट्ट्यांची निगा

जेलची पट्टी वापरून झाली की तिच्या प्लास्टिकच्या कागदावर परत चिकटवा आणि पाकिटात ठेवा. चिकटपणा गेला की बदला, ओढाताण करून वापरू नका, कपाळाला कळ येण्याचं कारण तेच असतं. काढल्यावर थोडी लाली राहते, ती काही वेळात जाते. खाज किंवा पुरळ आलं तर जेलची अ‍ॅलर्जी असू शकते. सौम्य जेलच्या पट्ट्या मिळतात.

तीन महिन्यांनी

कपाळावरच्या यंत्राची रोजच्या वापराची मुख्य चाचणी ६७ जणांवर तीन महिने चालली. अर्धशिशीचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झाले, असे ३८.१ टक्के निघाले, खोट्या यंत्रात १२.१ टक्के. खऱ्या यंत्राच्या गटात महिन्याचे सरासरी दिवस ६.९४ वरून ४.८८ वर आले. म्हणजे सुमारे दोन दिवस कमी. जादूची अपेक्षा ठेवली असेल तर हा आकडा निराश करेल. मला तो पुरेसा वाटतो.

तीन महिने नियमाने लावूनही डायरीत फरक दिसत नसेल तर खुशाल थांबवा. फरक दिसत असेल तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गोळ्या कमी करायच्या का ते विचारा. रोजची प्रतिबंधक गोळी आपल्या मनाने बंद करू नका. कमी करायचं ठरलंच तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि त्या महिन्यातही पट्टी व नोंदी आधीसारख्याच चालू ठेवा.