काळा पडदा आला म्हणून ड्रायव्हर पुन्हा टाकू नका

कुडाळात माझं व्हिडिओचं काम आहे. जत्रा सुरू झाल्या की दशावतार शूट करतो. नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि गावकऱ्यांना ते लगेच हवं असतं. एवढं मोठं फुटेज एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर भराभर एनकोड करायचं (म्हणजे देण्याजोग्या व्हिडिओ फाइलमध्ये बदलायचं), तर लिनक्सवर कंपनीचाच ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, लागतो. नूवो या खुल्या ड्रायव्हरवर ते होत नाही.

गेल्या जत्रेच्या आदल्या दिवशी मशीनने कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट केला आणि सकाळी स्क्रीन काळी. माझं लिनक्स उबुंटू प्रकारचं आहे, त्यामुळे पुढचं सगळं त्याच्या हिशोबाने.

आधी आत शिरा. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून लॉगिन येतं का बघा. नाही आलं तर रीस्टार्ट करून ग्रबच्या (मशीन सुरू होतानाच्या मेनूच्या) यादीत ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा आणि एफ१० दाबा. चित्र ओबडधोबड दिसेल, पण काम करता येईल.

आता ड्रायव्हर चढवायची आज्ञा देऊन मशीनलाच विचारा: सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया. उत्तर नीट वाचा, अर्धं निदान तिथेच होतं.

‘मॉड्यूल नॉट फाउंड’ आलं, तर चालू कर्नलसाठी मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग, तयारच झालेलं नाही. बहुतेक वेळा त्या कर्नलचे हेडर्स, म्हणजे मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली, नसतात. युनेम -आर जो आकडा दाखवेल, त्याचंच लिनक्स-हेडर्स पॅकेज घाला आणि मॉड्यूल बांधायला सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल चालवा. पावसात हे करणार असाल तर इन्व्हर्टर चार्ज आहे ना, आधी बघा. इनिटरॅमएफएस, म्हणजे मशीन सुरू होताना लागणारी फाइल, लिहिताना लाईट गेली तर दुखणं वाढतं.

‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आलं, तर ड्रायव्हर ठीक आहे, सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी मशीनची सोय) त्याला दारात अडवतोय. माझं हेच होतं. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि रीस्टार्टनंतर ड्रायव्हरच्या सहीची किल्ली (मॉक) मंजूर करायची निळी स्क्रीन येते. ती १० सेकंदच थांबते. मी चहा आणायला गेलो होतो, ती निघून गेली. ती परत आणायला मोकयुटिल या आज्ञेला इम्पोर्ट सांगून व्हार, लिब, शिम-साइन्ड, मॉक या वाटेवरची मॉक डॉट डीईआर फाइल द्या, नवा पासवर्ड ठरवा, रीस्टार्ट करा आणि खुर्चीतून उठू नका. कुठलीही कळ दाबा, एनरोल मॉक, कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट. पासवर्ड साधा ठेवा, त्याचं काम एकदाच असतं.

मॉडप्रोब गप्प राहिला तर एनव्हिडिया-एसएमआय चालवा. कार्डाचं नाव दिसलं की ड्रायव्हर जागेवर आहे.

कार्ड जुनं असेल तर नवा ड्रायव्हर ते ओळखतच नाही. केप्लर पिढीच्या कार्डांना ड्रायव्हरची ४७० ही मालिका, त्याहून जुन्या फर्मीला ३९०. तुमच्या कार्डाला काय चालेल ते उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस सांगतं.

एक कळकळीने सांगतो: एनव्हिडियाच्या साइटवरची डॉट-रन फाइल उबुंटूच्या पॅकेजच्या डोक्यावर बसवू नका. बसवली असेल तर तीच फाइल अनइन्स्टॉल पर्याय देऊन चालवा, एनव्हिडियाची पॅकेजेस पर्ज करा (मुळासकट काढा) आणि मग उबुंटूच्या भांडारातूनच घ्या.