क्रेडिट कार्डाची लिमिट: बँकेची वेगळी, आपली वेगळी

परभणीच्या आमच्या दाजींना मागच्या महिन्यात क्रेडिट कार्ड आलं, लिमिट दीड लाख. फोनवर असे खूश की जसं काय दीड लाख खात्यातच पडलेत. मी म्हणलं दाजी, मोंढ्यात आडत्याकडून उचल घेतो ना तसलं आहे हे, पैसा त्याचा, वापरला की उधारी आपली. तर म्हणले मग काय करायचं काय नाही ते नीट लिहून पाठव. म्हणून बसलो लिहायला.

आधी बँकेचं अ‍ॅप उघडा. तिथं तीन आकडे दिसतील, टोटल लिमिट, अव्हेलेबल लिमिट आणि कॅश लिमिट. टोटल म्हणजे बँकेनं मंजूर केलेली. अव्हेलेबल म्हणजे त्यातून न भरलेलं सगळं वजा जाऊन उरलेली, आणि इथंच लोक गोंधळतात. समजा ४५,००० चा फ्रिज ईएमआयवर घेतला तर लिमिटमधून फक्त पहिला हप्ता कमी होत नाही, बहुतेक वेळा पूर्ण ४५,००० अडकतात आणि हप्ते भरत जाल तसे सुटत जातात. पुण्या-मुंबईला हॉटेलात चेक-इन करताना डिपॉझिट म्हणून कार्ड घेतात तेव्हाही काही रक्कम अशीच अडकते, बिलात दिसत नाही पण लिमिट कमी झालेली असते, मग दुकानात कार्ड डिक्लाइन झालं की माणूस बँकेला शिव्या देतो.

कॅश लिमिट हा टोटलमधलाच एक तुकडा, वेगळे पैसे नाहीत. हिच्या नादी लागू नका. मी लागलो होतो. पोरीच्या नीटच्या क्लासला लातूरला अ‍ॅडमिशन, शेवटच्या दिवशी रोख कमी पडली, काढले एटीएममधून क्रेडिट कार्डावर २०,०००. मला वाटलं खरेदीसारखेच चाळीस-पंचेचाळीस दिवस बिनव्याजी मिळतील. काही नाही! रोख काढली की व्याज त्याच दिवसापासून चालू होतं. फी अन् जीएसटी मिळून ५९० आणि वर महिनाभराचं व्याज सातशेच्या आसपास. तेवढ्या पैशासाठी शेजाऱ्याला हात पसरला असता तर बरं झालं असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. बँकेनं दिलेली लिमिट ती बँकेची, आपली लिमिट आपण टाकायची असते आणि ती टाकायची सोय प्रत्येक कार्डात आहे. २०२० मधे रिझर्व्ह बँकेनं नियम केला की नवीन कार्ड आलं की ते फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवरच चालणार, ऑनलाइन, टॅप करून (म्हणजे कार्ड मशीनला नुसतं टेकवून) आणि परदेशातला वापर आपण स्वतः चालू केल्याशिवाय चालणार नाही. आणि प्रत्येकाला वेगळी मर्यादाही लावता येते, रात्री दोन वाजता बदलायची तरी बदलता येते. अ‍ॅपमधे मॅनेज कार्ड नाहीतर कार्ड कंट्रोल असं काहीतरी नाव असतं. माझं सेटिंग सांगतो, परदेशी वापर बंद, एटीएम शून्य, ऑनलाइन १०,०००, दुकानातल्या मशीनवर २५,०००. मोठी खरेदी असली की त्या दिवसापुरती वाढवतो आणि परत खाली आणतो, कंटाळा येतो खरा पण एक मिनिटाचं काम आहे. टॅपचं जरा ध्यानात ठेवा, जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता टॅप होतं, म्हणजे पाकीट मारलं तर चोराला पिन लागतच नाही. तुळजापूरला नवरात्रात जायचं असलं की मी टॅप बंदच करून निघतो, त्या गर्दीत काय सांगावं.

लिमिटच्या वर खर्च जाऊ द्यायचा असेल तर बँकेला आपली स्पष्ट परवानगी लागते, ती दिली की ओव्हरलिमिटचा चार्ज आलाच. बंद ठेवा. तसंच तुम्हाला न विचारता लिमिट वाढवताही येत नाही, पण अ‍ॅप उघडल्या उघडल्या ‘तुमची लिमिट वाढवा’ म्हणून मोठं बटण येतं आणि माणूस पुढं जायच्या घाईत दाबून मोकळा होतो, तीच परवानगी. वाढलेली लिमिट वाईटच असं नाही म्हणा, खर्च तेवढाच ठेवला तर सिबिलला, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात त्या आपल्या पतीच्या गुणांना, उलट बरं, लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत वापर असावा असं म्हणतात. पण खर्च तेवढाच राहतो का, हे ज्याचं त्यानं बघावं.

आता फसवणूक झाली तर. २०१७ चा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तो आपल्याकडं दहातल्या एकालाही माहीत नसेल. चूक बँकेची असेल तर आपली जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना आपली, मधेच कुठंतरी डेटा फुटला, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं तरी शून्य. चार ते सात दिवस लावले तर ५ लाखांपर्यंत लिमिट असलेल्या कार्डावर जास्तीत जास्त १०,०००, त्यावरच्या लिमिटला २५,००० आपल्या अंगावर. सात दिवस उलटले तर मग बँकेच्या धोरणात जे असेल ते. कळवल्यावर कामाच्या १० दिवसांत ती रक्कम बँकेनं तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं, आपलं नाही.

पण ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं. म्हणून कुणी फोन करून ‘सर लिमिट वाढवून देतो’ म्हणलं तर ठेवून द्या फोन, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे अ‍ॅपची, फाइल येते ती तर उघडूच नका, पत्रिका फोटोत येते नाहीतर पीडीएफमधे, अ‍ॅप म्हणून येत नाही.

आणि हे तीन दिवस मेसेजवर मोजायलेत हे ध्यानात घ्या. दाजींचा बँकेतला नंबर होता जुन्या सिमचा, ज्याला वर्षभर रिचार्जच नाही! मेसेज येणार कुठं? पहिलं काम नंबर बदलायचं.

पैसे गेलेच तर आधी अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक, मग कस्टमर केअरला फोन. तो नंबर कार्डाच्या मागं असतो, कार्डच हरवलं तर कुठून वाचणार, म्हणून आत्ताच सेव्ह करा. तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. सोबत सायबरच्या १९३० ला फोन, जितक्या लवकर तितका पैसा अडकवता येण्याची आशा. बँकेनं ३० दिवसांत ऐकलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट, आणि माहितीला १४४४८ नंबर आहे.

लेट फीचं थोडक्यात. शेवटची तारीख उलटून तीन दिवस झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही, पण तीन दिवसांनंतर लावली की ती त्या तारखेपासूनच धरतात, तेव्हा ही सूट म्हणून वापरू नका. आणि मिनिमम ड्यू, म्हणजे बिलात लिहिलेली कमीत कमी रक्कम, तेवढीच भरून गप्प बसलात तर उरलेल्यावर व्याज, शिवाय नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, महिन्याला तीन-साडेतीन टक्के म्हणजे सावकारच की.

नकोच वाटलं तर बाकी भरून कार्ड बंद करायला सांगा, कामाच्या सात दिवसांत बंद केलं नाही तर पुढं रोज ५०० रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे असतात.

हे सगळं पाठवलं तर काल दाजींचा स्क्रीनशॉट आला. परदेशी वापर बंद, एटीएम शून्य, टॅप बंद, नंबर बदललेला, सगळं व्यवस्थित. ऑनलाइनची मर्यादा मात्र पूर्ण दीड लाख. विचारलं तर म्हणायलेत टीव्हीचा सेल येऊ लागलाय. आता ताईलाच फोन लावतो.